रोग गच्चीला, औषध छताला
फ्लॅट घेताना मराठी माणूस नळ सोडून बघतो, फरशीवर टिचक्या मारून बघतो, दिशा बघतो, दारांवरच्या पाट्यांवरची आडनावं तर बघतोच बघतो. गच्चीवरही जातो, पण तिथून डोंगर दिसतो का हे बघायला. पायाखाली काय आहे ते बघायचं राहून जातं. हा दोष त्याच्या डोळ्यांचा नाही, स्लॅबचा आहे. कोकणात घरं कौलारू होती तोवर छपराची तपासणी पंचांगात छापल्यासारखी ठरलेली असे. पावसाआधी घर शाकारायचं म्हणजे शाकारायचंच. गडी वर चढे, फुटकी कौलं काढी, सरकलेली बसवी, कुजलेली रीप बदली. भोक शोधायला यंत्र लागत नसे. खाली कवडसा पडला की वर भोक आहे, एवढं शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसलेल्या पोरालाही कळे. सूर्यनारायण स्वतः इन्स्पेक्टर, तोही बिनपगारी. मग स्लॅब आला आणि ‘एकदा टाकला की बघायला नको’ ही समजूत सोबत घेऊन आला. काँक्रीटमधून कवडसा येत नाही. येतं ते थेट पाणीच.

आणि सरळ वाटेनं येईल ते पाणी कसलं? कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे गोलाई देऊन केलेला ‘वाटा’ एका कोपऱ्यात तडकतो. पाणी तिथून शिरतं, विटांच्या तुकड्यांच्या कोब्यात मुक्काम ठोकतं, उतार मिळेल तसं सरकतं आणि दोन खोल्या ओलांडून भलत्याच बेडरूममध्ये पंख्याच्या हुकापाशी दर्शन देतं. घरमालक पंख्याभोवती पुट्टी भरतो आणि वर महागातला रंग देतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! त्या म्हणीतली पखालही पाण्याचीच होती, हा योगायोग नसावा. सांगायचं ते एवढंच, की छप्पर तपासणं हे नुसतं बघण्याचं काम नव्हे, ती उलटतपासणी आहे. साक्षीदार खोटं बोलणारा आहे, तेव्हा समोर मुरलेला वकील हवा.

हा वकील, म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअर, करतो काय? आधी हातोडीनं ठोकून ऐकतो. भद्द आवाज आला तर प्लास्टर सुटलंय. उतार मोजतो, मीटरमागे सेंटीमीटरभर तरी असावा, नाहीतर गच्चीचं तळं होतं. पावसाळी पाइपाच्या तोंडाशी काय अडकलंय ते बघतो (बहुधा कबुतराचं घरटं आणि गेल्या संक्रांतीचा पतंग). डिश अँटेनासाठी कुणी वॉटरप्रूफिंगला आरपार भोक पाडलंय का, हेही बघतो. क्रिकेटचा सामना स्वच्छ दिसावा म्हणून आपण छताचा बळी कधी दिला, ते आपल्याला आठवत नाही. आउटलेट बंद करून गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी साठवून ठेवण्याची चाचणीही असते. काँक्रीट फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडलं तर धडधाकट भाग गुलाबी होतो. रंगलाच नाही, तर काँक्रीटचा क्षार संपला आणि आतल्या सळईचं कवच गेलं असं समजावं. मग सळई गंजते, गंजली की फुगते आणि सिमेंटचा पोपडा ढकलून खाली पाडते. पोपडा कुणाच्या ताटात पडेल, हे मात्र कुठलीच चाचणी सांगत नाही.

यावर पहिली हरकत ठरलेली : ‘आपल्या सोसायटीत तीन इंजिनिअर आहेत की!’ आहेत. एक सॉफ्टवेअरचे, एक टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आणि तिसऱ्यांचं वरच्या मजल्याशी भांडण आहे. दुसरी हरकत अधिक गोड : ‘वॉटरप्रूफिंगवाला फुकट बघून जातो.’ जातो ना. मिठाईवाल्याला भूक लागलीय का असं विचारलं तर तो नाही कशाला म्हणेल? ‘वर पत्र्याची शेड ठोकू’ म्हणणाऱ्यांचा तर आदरच वाटतो, कारण ते शाकारणीकडे परत निघालेत, फक्त कौलं विसरलेत. एक हरकत मात्र खरी आहे. तज्ज्ञही कधीकधी जुन्याच अहवालावर नव्या इमारतीचं नाव घालून देतो. त्यावर उपाय एकच : भेगेभेगेचा फोटो आणि नकाशावर तिची खूण मागायची. खूण नसेल तर फी नाही. असं म्हटल्यावर माणूस शिडी चढतो.

खरी भीती वेगळीच असते, ती कुणी बोलत नाही. हात दाखवून अवलक्षण! मुंबईत इमारत ‘सी-१’ ठरली की ती रिकामी करून पाडायची. ‘सी-३’ असली तर किरकोळ डागडुजीवर भागतं. म्हणून न विचारलेलं बरं, असं वाटतं. पण कायदा आपल्या वाटण्यावर चालत नाही. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीला संरचनात्मक स्थैर्याचं प्रमाणपत्र लागतं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी ऑडिट सांगितलंय. शिवाय न विचारल्यानं सळई गंजायची थांबत नाही.

उरला मुहूर्त. गळतं तेव्हा गच्चीवर काम करता येत नाही आणि काम करता येतं तेव्हा गळत नाही. त्यात वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणजे नेमका पाऊस परतीला लागलेला आणि भिंतीवरचा ओघळ वाळत आलेला. पत्रिकेवर पार्किंग पहिलं, मेंटेनन्सची थकबाकी दुसरी, कुत्र्यांना खायला घालण्याचा प्रश्न तिसरा. गच्ची असते ती शेवटी, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या सदरात. आणि तोवर बटाटेवडे आलेले असतात.