जोडीनं बदलणारे बापू

रस्त्यात कुणाचीही गाडी उभी दिसली की बापूंचा उजवा हात आपोआप तिच्या बॉनेटच्या कोपऱ्यावर जातो. मालक आत बसलेला असो, टपरीवर चहा पीत असो, नाहीतर दहाव्याच्या पंगतीत असो. बापू कोपरा जोरात दाबतात, सोडतात आणि बघत राहतात. गाडी वर येऊन जागच्या जागी थांबली तर मान डोलावतात. तिनं दोन-तीन झोके घेतले तर "गेले" एवढंच म्हणतात. कोण गेलं, हे दहाव्याला आलेल्या माणसाला पटकन कळत नाही.

जळगावात असोत की धुळ्यात, असे गृहस्थ तुमच्याही ओळखीत असणार. कुठे त्यांना आप्पा म्हणतात, कुठे नाना. आमच्याकडचे बापू. बी-बियाणं आणि खतांचं दुकान, वय पन्नाशीच्या पुढे, आणि दारात एमएच 19 ची फियाट लिनिया टी-जेट. रांजणगावात बनलेली, 1.4 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 114 अश्वशक्ती. बापू हा आकडा गोत्रासारखा सांगतात. कंपनीनं इथं गाड्या विकणं थांबवल्याला आता बरीच वर्षं झाली. त्यामुळे सुटे भाग शोधणं हा बापूंचा जोडधंदा झाला आहे, आणि त्यातही शॉकअप आणि स्प्रिंग निवडणं हे व्रत. हे व्रत कधी सुरू झालं ते वहिनींना नीट आठवत नाही. कधी संपेल हे कोणीच विचारत नाही.

अमळनेरच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाची सजवलेली गाडी दाबली. झेंडूची माळ निसटून खाली आली. नवरदेवाचे मामा धावत आले, "काय करू राहिले भो?"

"मागचा डावा लीक आहे. वरातीत चार जणांच्या वर बसवू नका."

भांडण होणार असं वाटलं. थोड्या वेळानं पाहतो तर मामा फेटा काढून गाडीखाली वाकलेले आणि बापू त्यांना शॉकअपवरून ओघळलेलं तेल टॉर्च मारून दाखवत होते. अक्षता दोघांच्याही हुकल्या.

बापूंचं मूळ सूत्र एकच: "स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप उडी जिरवतो. हे दोन वेगळे धंदे आहेत भो." लोक दोघांची गल्लत करतात, याचं त्यांना मनापासून दुःख होतं. खड्ड्यात दाबली गेलेली स्प्रिंग ती सगळी ताकद परत फेकणार. ती जिरवायची तर शॉकअपमधला दट्ट्या तेलातून जातो, तेल बारीक भोकांतून दमानं वाट काढतं आणि उडीची उष्णता होते. हे नुसतं सांगून बापू थांबत नाहीत. खराब रस्ता पार केला की पारोळ्याला चहासाठी उतरतात आणि चहा सांगायच्या आधी चाकामागे हात घालून उलट्या पंजानं शॉकअप चाचपतात. "कोमट आहे. काम करू राहिला." थंड लागला तर समजायचं, महाशय नुसते लटकलेले आहेत. मे महिन्यात ही तपासणी बंद असते, कारण तेव्हा खानदेशात पंचेचाळीस अंशाला सगळंच काम करत असल्यासारखं तापलेलं असतं.

दुकानाच्या काउंटरवर कागद उडू नयेत म्हणून एक मेलेला शॉकअप आडवा ठेवलेला आहे. त्याचा दांडा आत दाबला की आतच राहतो. शेजारी एक गॅस भरलेला आहे. तो दाबला की आपला आपण हळूहळू वर येतो. बियाणं न्यायला आलेल्या माणसाला बापू दोन्ही दाबायला लावतात. मोजमापाचं साहित्य तर दुकानातच आहे. डीएपीच्या 50 किलोच्या दोन गोण्या डिक्कीत टाकायच्या, शिंप्याच्या टेपनं चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं, गोण्या काढून पुन्हा मोजायचं. असोद्याचा एक शेतकरी त्याच दोन गोण्या न्यायला आला होता. त्याला बापू म्हणाले, "थांब, तुझी डीएपी सध्या कामात आहे."

हिशेब बिलबुकाच्या मागच्या बाजूला. स्प्रिंगच्या तारेची जाडी 12 ऐवजी 13 मिलिमीटर केली, वेढे आणि घेर तेच ठेवले, तर स्प्रिंग जवळजवळ 38 टक्के कडक होते, कारण जाडीचा चौथा घात लागतो. एका मिलिमीटरनं एवढा फरक पडतो हे सांगताना बापूंचा आवाज खाली येतो. जणू सोन्याचा उद्याचा भाव सांगतायत.

म्हणूनच धुळ्याच्या साडूंच्या मुलानं जे केलं ते त्यांना सहन झालं नाही. देवपुरात राहणाऱ्या या चिरंजीवांनी गाडी खाली दिसावी म्हणून ग्राइंडरनं चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा कापला. बापू त्या दिवशी साडूंकडे शेवभाजी अर्धी टाकून उठले. "सहा वेढ्यांतला एक कापला तर उरलेली स्प्रिंग 20 टक्के कडक झाली, आणि उंची गेली ती वेगळीच. कापलेलं टोक बसायला जागा नाही. शॉकअप बिचारा अर्ध्या वाटेतच रबराला टेकतो." पोरगं म्हणालं, "पण बापू, लुक येतो." बापूंनी हात धुतले. पुढे लळिंग घाटात पोराचं चाक मडगार्डला घासायला लागलं, तेव्हा त्यानं पहिला फोन बापूंनाच केला. बापू गेले. रागावलेला माणूस रागाच्या भरात नव्वद किलोमीटर जात नाही. बापू गेले, आणि जाताना चार जुन्या पण अख्ख्या स्प्रिंगा घेऊन गेले.

कंपन्यांच्या कुळकथा त्यांना तोंडपाठ. गॅब्रिएलवाल्यांनी अमेरिकेत आधी मोटारींचे हॉर्न विकले, झटके जिरवण्याचं यंत्र मागाहून आणलं. "आपले ट्रकवाले अजून पहिल्या मालावरच आहेत." भारतातली गॅब्रिएल 1961 ची, नाशकातही कारखाना, म्हणून ती घरची. हॉलंडच्या कोनीची सुरुवात 1857 मध्ये घोड्यांच्या सामानापासून झाली, हे सांगून झाल्यावर बापू थोडा वेळ गप्प राहतात. इकडे त्या साली काय चाललं होतं आणि तिकडे काय, हे ऐकणाऱ्यानं मनात आणावं अशी अपेक्षा असते.

सल्लागार दोन. जळगावला अजिंठा चौफुलीकडचा मिस्त्री म्हणतो, कंपनीच्या मापाचेच टाका, डोकं खाऊ नका. धुळ्याचा, पारोळा रोडवरचा, म्हणतो, बापू, गाडी पळणारी आहे, युरोपचा पिवळा माल मागवा, सोबत 35 मिलिमीटर खाली बसणाऱ्या स्प्रिंगा घ्या. बापू जळगावात असले की धुळ्याच्या बाजूनं बोलतात आणि धुळ्यात जळगावच्या. सल्ला मोडायचा असेल तर आधी तो नीट घ्यावा लागतो, असं त्यांचं धोरण दिसतं.

एकेकाळी प्रश्न सोपा होता. जुना सहा नंबरचा हायवे, आताचा 53, बांभोरीचा गिरणेवरचा पूल ओलांडला की खड्डे सुरू. चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलेलं. अजिंठ्याकडचा रस्ता तर मध्यंतरी असा खणलेला होता की बापू तिकडे शॉकअप तपासायला म्हणूनच जायचे. तेव्हा उत्तर एकच होतं: मऊ स्प्रिंग, दमदार शॉकअप. मग चौपदरी रस्ता झाला आणि बापूंची पंचाईत झाली. आता गुळगुळीत रस्त्यावर वेगात वळण घेताना गाडी कलते, म्हणजे कडक स्प्रिंग हवी. पण घराच्या गल्लीत, रहिवाशांनी वर्गणी काढून स्वतः बांधलेला गतिरोधक तसाच आहे. बिलबुकाची नवी पानं सुरू झाली.

त्या गतिरोधकापाशी प्रयोगाच्या काळात एक विधी ठरला होता. बापूंनी पुण्याहून कुणाच्या तरी खाली बसणाऱ्या स्प्रिंगा उसन्या आणून बसवल्या होत्या. गाडी पोटात घासायची. म्हणून गतिरोधक आला की वहिनी पिशव्या घेऊन उतरायच्या, चालत पलीकडे जायच्या आणि पुन्हा बसायच्या. कधी कधी मागच्या सीटवरून मीही. भाजीवाल्या बाईंना वाटायचं, यांच्यात काही नवस असावा.

बापूंच्या आई मात्र उतरायच्या नाहीत. ऐंशी ओलांडलेल्या, मागच्या डाव्या सीटच्या कायमच्या मालक. बापूंच्या सगळ्या गणिताच्या वरचं न्यायालय ते. जळगाव सोडल्यावर आई एरंडोलपर्यंत झोपल्या तर सस्पेन्शन पास. पाळधीलाच जाग आली तर नापास, मग तारेची जाडी काहीही असो. उसन्या स्प्रिंगांवर आई बांभोरीच्या पुलावरच उठल्या आणि म्हणाल्या, "बापू, पोचलो का रे धुळ्याला?" बापूंनी त्याच रविवारी स्प्रिंगा काढल्या.

वहिनींना या सगळ्याचा राग येतो का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही भाऊ. एकदा हे निवडून झालं ना, की ते टायर बघायला लागतील."

सध्या गाडीत पुढची जोडी नवी आहे. कंपनीच्या मापाची, साधी, काळी, चौफुलीच्या मिस्त्रीनं सांगितलेली. मागचीबद्दल विचार चालू आहे. तुमच्या जुन्या गाडीचं काही करायचं असेल तर बापूंकडे जरूर जा. ते पैसे घेत नाहीत. सांगतील ते एवढंच: एक बदलू नका, जोडीनं बदला, वेढा कापू नका, काम झालं की अलाइनमेंट करून घ्या. एवढंच सांगायला दोन तास लागतात, म्हणून जेवून जा. आणि दुकानात खताचं गिऱ्हाईक उभं असेल तर त्याला आधी जाऊ द्या, पेरणीचे दिवस असतात.