मनगट-प्रमाण

मागच्या स्प्रॉकेटचे नट किती न्यूटन-मीटरला आवळायचे, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. आमचे मेस्त्री ते वाचत नाहीत, हे योग्यच. कागदाला कसलं आलंय मनगट? पान्याला पाईप लावून ते ‘हं’ म्हणतात, की टॉर्क पूर्ण. आट्यांना तेल असलं तर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, असं अभियंते म्हणतात. मेस्त्री कोरड्या-ओल्यात भेदभाव करत नाहीत. हे मनगट दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत, प्रमाण किलोग्रॅमशेजारी काचेखाली ठेवावं, अशी नम्र सूचना. गॅरेजात टॉर्क रेंचही आहे. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहतात. परवा घाटात नट गळले. मेस्त्रींनी निदान केलं, ‘‘आवळले बरोबरच होते, तुम्ही गाडी चालवलीत.’’