घरशाळा आणि पोटमाळा

मुलाला शाळेत न घालता, किंवा घातलेल्या शाळेतून काढून, त्याच्या शिक्षणाचा सारा भार आईवडिलांनी आपल्याच शिरावर घेण्याच्या पद्धतीला ‘होमस्कूलिंग’ म्हणतात; प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘घरशाळा’ ही संज्ञा योजली आहे, कारण ती सुटसुटीत आहे आणि तिच्यात घर आधी व शाळा नंतर येते, जो क्रम प्रत्यक्षातही निदान पहिले सहा महिने टिकतो. या पद्धतीत पाठ्यपुस्तकाच्या जोडीला, आणि पुष्कळदा त्याच्या ऐवजी, जे जे केले जाते, म्हणजे पक्षीनिरीक्षण, मातीकाम, ओरिगामी, संग्रहालयांच्या भेटी, यंत्रमानव जुळवणे आणि मोडी लिपी गिरवणे, त्या सर्वांना मिळून ‘पूरक उपक्रम’ असे नाव आहे. पूरक म्हणजे उणीव भरून काढणारे. ही उणीव मुलाच्या ज्ञानातली असते की आईवडिलांच्या धीरातली, हा प्रश्न मात्र नावातून सुटत नाही.

पूरक उपक्रमांचे मूळ शोधताना प्रथम कायद्याकडे पाहावे लागते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे त्याने पालकांचे कर्तव्य ठरवले. पण ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा कोणती, हे त्यात सांगितलेले नाही आणि घरशाळेचे तर नावही घेतलेले नाही. याला कायद्याचे मौन म्हणता येईल. तथापि समाजाची घडण अशी आहे की, जेथे कायदा मौन पाळतो तेथे आत्या बोलते. लग्न, मुंज, वास्तुशांत अशा प्रत्येक प्रसंगी पंगतीच्या दुसऱ्या वाढपाच्या सुमारास “काय रे, कितवीत आहेस?” हा प्रश्न विचारला जातो, आणि ज्या मुलाला सप्तर्षींतल्या सातही ताऱ्यांची नावे येतात ते मूल या एका प्रश्नापुढे आईकडे पाहू लागते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन याने १९४९ च्या आपल्या ग्रंथात सामाजिक व्यवहाराच्या उघड आणि सुप्त अशा दोन कार्यांत भेद केला आहे. उघड कार्य म्हणजे करणारा जे बोलून दाखवतो ते, आणि सुप्त कार्य म्हणजे त्याच्या नकळत जे साधले जाते ते. पूरक उपक्रमांचे उघड कार्य मुलाची जिज्ञासा फुलवणे हे असून त्यांचे सुप्त कार्य आत्याला उत्तर देणे हे आहे. “शाळेत जात नाही, पण सोमवारी कुंभाराकडे जातो, मंगळवारी तबला, बुधवारी रोबोटिक्स, गुरुवारी बुद्धिबळ” हे वाक्य उच्चारताना आईच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते ते तबल्यातून आलेले नसते. आठवड्याला वार सातच असल्यामुळे उपक्रमांची संख्याही सातवर थांबते इतकेच. एरवी ती कोठे थांबली असती याचा अंदाज करवत नाही.

उपक्रम आले की साधने येतात, आणि साधने आली की ती ठेवायची कोठे हा प्रश्न येतो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेल्या, पुण्यातल्या एखाद्या बेताच्या घराचे निरीक्षण केल्यास तेथील शैक्षणिक साधने उंचीनुसार तीन स्तरांत विभागलेली आढळतात. पहिला स्तर फरशीचा, दुसरा कपाटाचा आणि तिसरा पोटमाळ्याचा, म्हणजे स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीघराच्या वर ओट्यासारख्या काढलेल्या आणि स्टूल चढल्याखेरीज हात न पोचणाऱ्या जागेचा. या विभागणीतून ‘किंमत-उंची नियम’ हाती लागतो, तो असा : साधनाची किंमत जितकी अधिक, तितके ते वर्षअखेर अधिक उंचावर आढळते. फरशीवर काड्यापेट्या, बाटल्यांची झाकणे व खडू. कपाटात रंगपेट्या, अबॅकसच्या पाट्या आणि एका पानापुढे न गेलेल्या निसर्गनोंदींच्या वह्या. आणि पोटमाळ्यावर सूक्ष्मदर्शक, यंत्रमानवाचा संच, आतून दिवा लागणारा पृथ्वीगोल व गुलाबी मनोरा.

गुलाबी मनोऱ्याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. मारिया माँटेसरी या इटालियन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी सिद्ध केलेल्या साधनांपैकी हे एक असून त्यात लाकडाचे दहा घन असतात. सर्वांत लहान घनाची बाजू एक सेंटिमीटर, सर्वांत मोठ्याची दहा, आणि मोठ्यावर लहान असे रचत गेले की मनोरा होतो. रचताना चूक झाली तर ती मुलाला मनोऱ्याकडे पाहूनच कळावी, कोणी मोठ्याने बोलून दाखवू नये, ही त्यामागची सुंदर कल्पना आहे. घरशाळेत हा संच येतो तेव्हा पहिल्या दिवशी वडील तो रचतात, दुसऱ्या दिवशी आई त्याचे छायाचित्र काढते, तिसऱ्या दिवशी मूल सर्वांत मोठा घन गाडीचे इंजिन म्हणून नेते आणि चौथ्या दिवशी सर्वांत लहान घन हरवतो. एक सेंटिमीटरचा घन नसलेला मनोरा टोकाला बोडका दिसतो, आणि तो अपुरा संच पाहवेनासा झाला की त्याची रवानगी वर होते. माँटेसरीबाई १९३९ मध्ये मद्रासजवळ अड्यारला आल्या आणि युद्धामुळे काही वर्षे भारतातच राहिल्या. एवढ्या मुक्कामात त्यांना पोटमाळा दाखवण्याचे कोणाला सुचले असते, तर साधनांच्या रचनेत कदाचित फरक पडला असता.

ही अडचण मराठी शिक्षणविचाराने मात्र फार पूर्वी ओळखली होती. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते काम वाढले. शिंपले, बिया, पाने, दगड यांवर तेथे मोजणी आणि रंगओळख होई; जी मुले गुरे राखायला जात त्यांच्यासाठी शाळाच कुरणात गेली आणि तिला ‘कुरणशाळा’ असे नाव पडले. शिंपला हरवला तर दुसरा मिळतो, आणि गुरांमागे हिंडणारी शाळा पोटमाळ्यावर चढत नाही, हे या साधनांचे दोन मोठे गुण होत.

त्याच वाटेवरचे पुढचे नाव अरविंद गुप्ता यांचे आहे. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता झालेल्या या गृहस्थांनी सायकलच्या व्हॉल्व्हमधल्या बारीक रबरी नळीचे तुकडे आणि काडेपेटीतल्या काड्या एवढ्या सामग्रीतून त्रिकोण, चौकोन आणि घन उभे करून दाखवले, आणि टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचे शास्त्रच निर्माण केले. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षे हे काम केले; २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पद्धतीत पैशाचा खर्च जवळजवळ नाही, पण तिचा एक परिणाम उपेक्षिता येत नाही : ज्या घरात ही पद्धत शिरते त्या घरातून पुढे काहीही टाकून देता येत नाही. आइस्क्रीमच्या काड्या, संपलेली रिफिल, फुटका चेंडू, दुधाची पिशवी या सर्वांकडे आई ‘याचे काय करता येईल’ या नजरेने पाहू लागते, रद्दीवाला दाराशी येऊन रिकाम्या हाताने परत जातो, आणि जो नवरा पूर्वी पसाऱ्याबद्दल कुरकुरत असे त्याला आता विज्ञानाच्या विरुद्ध बोलल्याचा दोष लागतो.

छापील व संगणकीय साधनांच्या बाबतीत तर मराठी मूल श्रीमंतच म्हणावे लागेल. बालभारतीची सर्व पाठ्यपुस्तके फुकट उतरवून घेता येतात, त्याच संस्थेच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक पाहायला मिळतात, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत उभारलेला मराठी विश्वकोशही घरबसल्या उघडता येतो. या विपुलतेतून ‘उतरवून घेणे’ आणि ‘वाचणे’ या दोन क्रियांतील भेद पुसट होतो. रात्री अकरा वाजता, मूल झोपल्यावर, वडील ‘किशोर’चे अंक एकामागून एक संगणकात भरतात, आणि शेवटचा अंक उतरला की आपण मुलाचे बालपण समृद्ध केले अशा तृप्तीने झोपी जातात. संगणकाच्या ज्या कप्प्यात हे अंक जमा होतात तो कप्पा म्हणजे विजेवर चालणारा पोटमाळाच होय. फरक इतकाच की, त्याच्यावर धूळ बसलेली दिसत नाही.

आता घराबाहेरील उपक्रमांकडे वळता येईल. शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, भांडी, वाद्ये आणि नाना आकारांचे अडकित्ते आहेत. तेथे जाण्यापूर्वी आई पेशवाईच्या अर्थव्यवस्थेवर दोन पानांचे टिपण तयार करते, परंतु मूल अडकित्त्यांच्या कपाटापुढे थांबून “एवढी सुपारी कोण खायचं?” असे विचारते, आणि टिपणात त्याचे उत्तर नसते. पक्षीनिरीक्षणाची तऱ्हाही निराळी नाही. पहाटे सहाला दहा-बारा मुले, तितक्याच आया, थोडे वडील, एक दुर्बीण आणि मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ असा लवाजमा वेताळ टेकडी चढू लागला म्हणजे टेकडीवरील पक्षी अन्यत्र जातात. अखेर एक बुलबुल दिसतो, तो दुर्बिणीविना दिसतो, आणि दुर्बिणीचा नंबर लागेपर्यंत उडून जातो. दरम्यान एक मूल पायवाटेवर उकिडवे बसून शेणाची गोळी ढकलणारा किडा पाऊण तास पाहत असते. निरीक्षणाच्या छापील तक्त्यात ‘पक्ष्याचे नाव’ व ‘चोचीचा आकार’ असे रकाने असतात, शेणकिड्यासाठी रकाना नसतो, आणि म्हणून त्या दिवशीच्या अहवालात त्या मुलाने सहभाग घेतला नाही अशी नोंद होते.

घरी शिकणे ही अलीकडची टूम आहे, असे आत्याचे मत असते. वस्तुतः पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईने, आईला शिकवले होते ते रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी, आणि तीर्थयात्रेत गावोगाव फिरत चाललेल्या या शाळेच्या विद्यार्थिनीला १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ ही पदवी दिली. शास्त्रीबुवांपाशी प्लास्टिकचे आवरण घातलेली चित्रपत्रे असल्याचा उल्लेख आढळत नाही. रमाबाई रानडे यांनाही त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांनी घरीच शिकवले, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना त्यापायी किती बोलून घेतले हे प्रसिद्ध आहे. यावरून घरशाळा आणि आत्या या दोन्ही संस्था सारख्याच प्राचीन ठरतात.

परंपरेतले एक साधन अद्याप टिकून आहे, ते म्हणजे आजोबा. आरंभी ते घरशाळेचे विरोधक असतात. “आमच्या वेळी छडी होती” एवढेच त्यांचे निवेदन असते. पुढे एके दिवशी मूल पाव, अर्धा, पाऊण या अपूर्णांकांशी झगडताना दिसले की ते पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी आणि अडीचकी म्हणून दाखवतात, म्हणजे त्या त्या अपूर्णांकाचे पाढे म्हणतात, आणि साडेतीनच्या पाढ्याला, म्हणजे औटकीला, येऊन पोचतात तेव्हा त्यांचा आवाज चढलेला असतो व विरोध संपलेला असतो. अडकित्त्याचा प्रश्नही तेच सोडवतात, कारण त्यांच्या चंचीत एक असतो. हे साधन विनामूल्य असून ते हरवत नाही आणि आकारमानामुळे पोटमाळ्यावर ठेवता येत नाही.

परीक्षांचा विषय उरतो. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेमार्फत, वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर, दहावीची परीक्षा शाळेविना देता येते. चित्रकलेसाठी एलिमेंटरी व इंटरमिजिएट, संगीतासाठी प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या पायऱ्या अशी सोय आहे, आणि गुणपत्रिकेचा तिरस्कार म्हणून शाळा सोडलेले कुटुंब या प्रमाणपत्रांना चौकटी करून घेते. राज्य मंडळाच्या परीक्षेला खासगीरीत्या बसणाऱ्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे. त्याला जोडावयाच्या कागदांत शाळा सोडल्याचा दाखला असतो. शाळा सोडली हे सिद्ध करण्यासाठी ती आधी धरलेली असावी लागते, हे तर्कशास्त्र निर्दोष असले तरी घरशाळेच्या मुलाला ते जरा उशिरा शिकायला मिळते.

या सर्व विवेचनावरून पोटमाळा म्हणजे शैक्षणिक साधनांची दफनभूमी, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु दिवाळीच्या साफसफाईत जे घडते ते त्याला धरून नाही. त्या दिवशी मूल स्टुलावरून पोटमाळ्यावर चढते आणि बराच वेळ खाली येत नाही. वर त्याला पृथ्वीगोल सापडतो, इंजिन म्हणून कामी येणारा दहा सेंटिमीटरचा घन सापडतो, आणि अखेरीस तो सूक्ष्मदर्शक सापडतो, ज्याच्यावर आठवा वाढदिवस अशी चिठ्ठी अजून चिकटलेली असते. मूल आता अकराचे असते, आणि टेकडीवरून आणून काडेपेटीत जपलेला मेलेला शेणकिडा त्याच्या खिशात असतो. सूक्ष्मदर्शक आला तेव्हा घरात साधन होते, प्रश्न नव्हता. मधल्या तीन वर्षांत प्रश्न पायी पायी येऊन पोचला. आईवडिलांची चूक काही असेल तर ती निवडीची नसून वेळेची असते, आणि ती सुधारण्याचे काम पोटमाळा कोणतेही शुल्क न आकारता करतो.

नेमक्या त्याच वेळी फराळाचा डबा घेऊन आत्या येते आणि वर पाहून नेहमीचा प्रश्न विचारते. केसांत जळमटे अडकलेले मूल भिंगातून डोळा न काढता “वरच्या” एवढेच उत्तर देते. वरच्या वर्गात गेला, असा त्याचा अर्थ करून आत्या प्रसन्न होते, स्टुलावर चढून त्याच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवते आणि उतरता उतरता थबकून म्हणते, “बघू रे, मलाही बघू दे जरा.”