दे इकडं

बंद पडलेल्या गाडीचा सुगावा तीन गल्ल्या पलीकडून लागतो असा एक गृहस्थ नगरच्या प्रत्येक वस्तीत असतो. सावेडीत असतो, केडगावात असतो. भिंगारमध्ये लष्कराच्या शेजारामुळे जरा जास्तच असतात. सोयीसाठी त्यांना तात्या म्हणू. तात्या मेकॅनिक नाहीत. त्यांचं गॅरेज नाही, आणि चालू स्थितीतली स्वतःची गाडीही नाही. नोकरी झाली ती सरकारी कचेरीत, टेबलाच्या आतल्या बाजूला. पण कुणी रस्त्याकडेला गाडी लावून पाना हातात घेतला, की दोन मिनिटांत त्याच्या खांद्यावरून एक हात पुढं येतो आणि पाठोपाठ आवाज येतो, "दे इकडं."

तात्यांचा सगळा जीव उघडण्यात आहे. कुकरचं अडकलेलं झाकण, मंगल कार्यालयातल्या किल्ली हरवलेल्या खोलीचं कुलूप, सहा महिने न उघडलेली लोणच्याची बरणी, अशा प्रत्येक ठिकाणी त्यांना बोलावणं जातं. गेलं नाही तरी ते येतात. घरांना कड्याकुलपं न लावणारं गाव म्हणून शनिशिंगणापूरचं नाव देशभर झालं, ते याच जिल्ह्यातलं. तात्या तिथं दर्शन घेऊन लगेच परततात. गावात उघडण्यासारखं काही नाही म्हटल्यावर थांबायचं कशाला?

या सगळ्यात त्यांची खरी तहान भागते ती जुन्या मोटारसायकलच्या इंजिनाच्या कव्हरावर. हे कव्हर अडकायला तशी साधी कारणं असतात. कव्हर ॲल्युमिनियमचं, स्क्रू पोलादाचे. दोहोंच्या मधे पाणी मुरलं की ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू जागच्या जागी आवळला जातो. कागदी पॅकिंग वर्षानुवर्षं गरम तेलात शिजून दोन्ही बाजूंना चिकटतं. त्यातून आधीच्या प्रत्येक मेस्त्रीनं तेल गळू नये म्हणून त्यावर आपापल्या श्रद्धेप्रमाणे काही ना काही फासलेलं असतं. कुणी शेलॅक, कुणी सिलिकॉन, एखाद्या भाविकानं थेट एम-सील. उपायही साधेच आहेत. आदल्या रात्री स्क्रूंवर पातळ तेल सोडून ठेवावं, सकाळी जरा गरम करावं. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं आणि पकड सुटते. मग कडेकडेनं लाकडी मोगरीनं हलकं ठोकत जावं. हे सगळं तात्यांना एकदा कुणी तरी समजावून सांगितलं होतं. "म्हणजे तिला रात्री तेल लावायचं आणि सकाळी आंघोळ घालायची?" तात्या म्हणाले. "बाळंतीण हाय का ती?"

त्यांच्या मते कव्हर निघत नाही याला एकच कारण. माज. आणि माजावर औषध एकच, हातोडा.

हातोडा उचलण्याआधी इतिहास होतो. "मुलुख-ए-मैदान तोफ माहितीये का? ती विजापूरची. पण ओतली कुठं? आपल्या नगरात. 1549 साली! पंचावन्न टन! आन् तू मला ह्या दोन किलोच्या ॲल्युमिनियमचं कौतुक सांगतो?" तोफेनंतर थेट विसावं शतक येतं. लुनावाल्या कायनेटिकचा कारखाना दौंड रस्त्याला, रणगाड्यांचं संग्रहालय नगरला, लष्कराच्या गाड्यांवर संशोधन करणारी व्हीआरडीई नगरला. यातलं एकही वाक्य खोटं नाही. फक्त ऐकणाऱ्याची अशी समजूत होत जाते की या प्रत्येक कामी तात्यांचा थोडा थोडा हात लागलेला आहे. रणगाड्यांचं संग्रहालय त्यांनी तिकीट काढून पाहिलं आहे, एवढं मला नक्की ठाऊक आहे. बरोबर मीच होतो. एका जुन्या रणगाड्याच्या पोलादी झाकणाकडं ते बराच वेळ बघत राहिले आणि शेवटी पहारेकऱ्याला त्यांना पुढं चला म्हणावं लागलं.

त्यांची हत्यारांची पिशवी खाकी कॅनव्हासची. तिच्यात एक दहा-अकराचा पाना आहे, ज्याचा दहा झिजून कधीच अकरा झाला. एक पक्कड, एक छन्नी, टोक मोडलेला एक स्क्रू ड्रायव्हर, ज्याला ते 'चालतंय' म्हणतात. अडकलेल्या स्क्रूसाठी इम्पॅक्ट ड्रायव्हर नावाचं एक फार शहाणं हत्यार मिळतं. वरून हातोडा मारला की तो घाव आतल्या आत पिळात बदलतो आणि स्क्रूची खाच न बिघडता स्क्रू सुटतो. तात्यांनी ते पाहिलं आहे. घाव मारायचा आपण आणि श्रेय घ्यायचं हत्यारानं, हा व्यवहार त्यांना पटला नाही.

आता एवढं सगळं असून लोक त्यांच्या हाती गाडी देतात कशी? तर त्याला एका राजदूतची पुण्याई आहे. त्या काळी दुधवाल्यांची गाडी म्हणजे राजदूत, दोन्ही बाजूंना कॅन आणि मागं निळा धूर. तसल्याच एका राजदूतचं कव्हर दोन मेस्त्र्यांनी हात टेकल्यावर तात्यांच्या हाती आलं. तात्यांनी हातोडा उचलला, पण मारायच्या आधी चप्पल सरकली म्हणून ते खाली बसले. बसल्यावर त्यांना इंजिनाच्या बुडाशी, चिखल आणि तेलाच्या थराखाली, एक गोल उंचवटा दिसला. खरवडला तर स्क्रू. तो काढला आणि कव्हर हातात आलं. बाकी सगळे स्क्रू काढून हा एक राहिला होता आणि दोन शहाणी माणसं तासभर त्याच्याशी झोंबत होती. त्या दिवसापासून तात्यांच्या जगण्याला अधिष्ठान मिळालं. कुठलीही गोष्ट अडली की कुठं तरी एक स्क्रू लपलेला असतो. पोराचं लग्न जमत नाही, सातबाऱ्यावर नाव चढत नाही, सोसायटीचं कर्ज मंजूर होत नाही, तात्या डोळे बारीक करून म्हणतात, "स्क्रू शोध." आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा असतोही.

येझदीचं प्रकरण त्यांच्या चरित्रात कमी सांगितलं जातं. येझदीची किक आणि गिअर ही एकच दांडी. पुढं पाडली की गिअर, वर उभी केली की किक. कव्हर काढायचं तर आधी ती दांडी काढावी लागते. तात्यांनी दांडी काढली, कव्हर काढलं, टाळ्या घेतल्या आणि ते जेवायला घरी गेले. पुढचं त्यांना ठाऊक नाही. त्यांनी विचारलंही नाही.

पण त्यांची खरी कसोटी लागली ती भिंगारच्या बुलेटवर. सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या आजोबांची 350, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असलेली. आजोबा गेले, गाडी नातवाकडं आली. क्लच घसरायला लागला होता, म्हणून डाव्या बाजूचं मोठं कव्हर काढायचं होतं. नातवानं फूटरेस्ट काढला, ब्रेकचं पेडल बाजूला केलं, पाना हातात घेतला आणि खांद्यावरून तो हात आला.

तात्या बसले. कव्हराच्या कडेनं बोट फिरवलं. एक फेरा झाला, दुसरा झाला. स्क्रू नाही. एकही नाही.

ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. जुन्या बुलेटचं हे कव्हर मधोमध असलेल्या एकाच नटावर धरलेलं असतं. पण ज्या माणसाचं सगळं आयुष्य लपलेल्या एका स्क्रूवर उभं आहे, त्याला सगळेच स्क्रू लपलेले दिसले तर त्यानं काय करावं? तात्यांच्या तोंडावर मी तो आनंद पाहिला. "पॉलिश मारणाऱ्यानं बुजवलेत," ते म्हणाले आणि छन्नीच्या टोकानं आजोबांनी वर्षानुवर्षं चमकवलेलं ॲल्युमिनियम कडेकडेनं खरवडायला लागले. नातू कळवळला. तात्यांनी मान वर न करता सुनावलं, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही." नातू घाबरून पेट्रोलच्या टाकीकडं बघायला लागला.

शेजारचा शाळकरी पोरगा इतका वेळ सायकलवर एक पाय टेकून उभा होता. त्यानं विचारलं, "तात्या, मग हा मधला नट कशाचा?"

"तो शोभेचा."

एव्हाना गर्दी जमली होती. निवृत्त कंडक्टर होते, बँकेतले एक साहेब होते, आणि चहा दोनदा झाला होता. 1803 च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीनं 8 तारखेला नगरची पेठ घेतली आणि 12 तारखेला भुईकोट किल्ला त्याच्या हाती आला. आमच्या वेढ्याचं लक्षण त्याहून लांबण्याचं दिसत होतं. शेवटी तात्या हात पुसायला उठले तेवढ्यात नातवानं तो शोभेचा नट हळूच सोडवला. कव्हर हललं नाही. तात्यांनी वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघ! नट काढला तरी निघतंय का? सांगत होतो ना, आत स्क्रू हाय."

त्यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं. तर्कात खोट काढायला जागाच नव्हती.

तात्यांनी छन्नी दोन तोंडांच्या मधे, सांध्यावर टेकवली आणि हातोडा उचलला, तेव्हाच कोपऱ्यावरचे मेस्त्री धावत आले. हा माणूस एरवी दिवसाला दहा वाक्यं बोलतो. त्यातली तीन त्यांनी एका दमात खर्च केली. "तात्या, छन्नी लावू नका. तोंडावर ओरखडा पडला तर गाडी जन्मभर तेल गाळंल. द्या ती इकडं."

मेस्त्र्यांनी नट परत दोन आटे चढवून ठेवला, निघालंच तर कव्हर पायावर पडू नये म्हणून. रबरी सीलवर कुणी तरी पूर्वी भरपूर सिलिकॉन थापलेलं होतं, ते सांध्यातून डोकावत होतं. नातवाच्या आईकडून उकळतं पाणी मागवलं, कडेनं धार सोडली. तात्यांनी गर्दीकडं बघून नुसतं "आंघोळ" एवढंच म्हटलं. मग मोगरी. वर दोन, खाली दोन, बाजूनं दोन, पुन्हा वर. आवाज आधी भरीव येत होता, तो हळूहळू पोकळ यायला लागला. कव्हराच्या कडेला केसाएवढी फट दिसली. मेस्त्र्यांनी नट पुरता काढला, एक हात कव्हरावर दाबून धरला आणि नातवाला म्हणाले, "आत तेल आहे. आधी परात आण."

नातू परात आणायला आत गेला. मेस्त्री मोगरी ठेवायला जरा वाकले. आणि फटीकडं टक लावून बसलेल्या तात्यांना काही राहवलं नाही.

"दे इकडं."

दोन्ही हातांनी त्यांनी कव्हर ओढलं. ते आलंही, अगदी लोण्यातून सुरी यावी तसं. पाठोपाठ पाव लिटरभर काळं तेल आलं, आणि ते तात्यांच्या पांढऱ्या पायजम्याच्या डाव्या मांडीवरून खाली चपलेत उतरलं. गर्दी मागं सरली. तात्या हलले नाहीत. कव्हर दोन्ही हातांत धरून त्यांनी ते आतून पाहिलं, बाहेरून पाहिलं, कडेनं अंगठा फिरवला. स्क्रू कुठंच नव्हता. क्षणभर मला त्यांची काळजी वाटली. पण ते माणूस फार भक्कम आहेत. "आतल्या आत विरघळला," ते म्हणाले.

आत चेन होती, क्लचच्या प्लेटा होत्या, सगळं तेलानं चमकत होतं. मेस्त्री गुडघे टेकून बसले आणि घसरलेल्या क्लचचं खरं दुखणं बघायला लागले. नातू परात हातात घेऊन उभा होता. तात्या मात्र रॉकेलनं हात धूत होते. आतल्या मशीनकडं त्यांनी पाठ फिरवली होती. कडेचं सिलिकॉन खरवडायचं होतं, नवं सील आणायचं होतं, तोंड पुसून कव्हर सरळ बसवायचं होतं आणि नट बेतानं आवळायचा होता. पिशवी खांद्याला अडकवून ते निघाले, तेव्हा नातवानं विचारलंच, "तात्या, बसवायचं कसं मग?"

तात्या थांबले. त्यांना त्या प्रश्नाचं खरोखर आश्चर्य वाटलं होतं.

"बसवायला काय," ते म्हणाले, "ते कुणीबी बसवंल."