पोचवायला आलेले बाबा

बाबांचं नाव मी सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही, कारण न्यू जर्सीत एडिसनपासून प्रिन्स्टनपर्यंत दर कॉलनीत ते एकदा तरी भेटतात. वय पन्नाशीच्या अलीकडेपलीकडे, नोकरी कुठल्या तरी बँकेच्या नाहीतर औषध कंपनीच्या आयटी विभागात, गाडी सात सीटची आणि मोबाइलवर हवामानाची तीन ॲप. एरवी माणूस गरीब. मंडळाच्या नाटकाला मागच्या रांगेत बसेल, खुर्च्या उचलायला मात्र पहिला. पण घरातलं मूल कॉलेजला निघालं, की या माणसाच्या अंगात प्रोजेक्ट मॅनेजर संचारतो, आणि तो उतरवणारा भगत अजून अमेरिकेत आलेला नाही.

पहिली खूण म्हणजे एक्सेल शीट. वस्तू, नग, दुकान, परत करायची शेवटची तारीख आणि जबाबदारी असे रकाने. जबाबदारीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव, स्वतःचं. वसतिगृहातला पलंग साध्या सिंगल बेडपेक्षा ५ इंच लांब असतो, पुरता ८० इंच, हे ज्ञान बाबांना मे महिन्यात झालं. तेव्हापासून जुलैपर्यंत भेटलेल्या प्रत्येकाला त्यांनी ते दिलं. मला दोनदा मिळालं. दुसऱ्या वेळी खिशातून टेप काढून त्यांनी ५ इंच म्हणजे नेमके किती तेही दाखवलं.

मग कॉलेजचा एक ईमेल आला आणि शीटला नवीन टॅब जोडावा लागला.

मुलगा निघाला होता डार्टमथला. न्यू हॅम्पशरमधलं हे कॉलेज नव्या मुलांना वर्गात बसवण्याआधी जंगलात पाठवतं. तिथल्या आउटिंग क्लबची स्थापना १९०९ ची आणि नवागतांच्या सहली १९३५ पासूनच्या. आठ-दहा अनोळखी मुलांचा गट, बरोबर दोन मोठ्या वर्गातले विद्यार्थी, पाठीवर सॅक, चार-पाच दिवस डोंगर किंवा नदी, आणि फोन बंद. कल्पना लोकांना आवडली असणार, कारण पुढे प्रिन्स्टननं १९७४ मध्ये, हार्वर्डनं १९७९ मध्ये आणि येलनं १९८४ मध्ये आपापल्या सहली काढल्या. ओळख व्हायला नाव-गाव-छंद सांगत गोल बसण्यापेक्षा एका तंबूत भिजत झोपणं जास्त उपयोगी पडतं, हा त्यामागचा हिशेब. मला तो पटतो. राजमाचीच्या पायथ्याला एका प्लास्टिकखाली चौघे बसले की ओळख आपोआप होते.

राजमाचीचं नाव मी मुद्दाम घेतलं. बाबांची राजमाची आमच्या सगळ्या मित्रपरिवाराला पाठ आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, भर पावसात, पायात स्लीपर, अंगात सुती शर्ट, खिशात बिस्किटाचा पुडा. घरी सांगितलेलं, ‘मित्राकडे सबमिशनला जातोय.’ कोंदिवड्याच्या बाजूनं रात्री वाट चुकली, एका घराच्या पडवीत झोपले, सकाळी म्हातारीनं चहा-भाकरी दिली. हा किस्सा बाबा पंचवीस वर्षं सांगताहेत आणि दर वर्षी पाऊस थोडा वाढतो. शेवटचं वाक्य ठरलेलं: ‘तेव्हा कुठे होते मोबाइल? काही अडत नव्हतं.’

याच माणसानं कॉलेजला पत्र लिहून विचारलं, की बरोबर येणाऱ्या विद्यार्थ्यांकडे प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आहे का, असल्यास त्याची प्रत मिळेल का, आणि सर्वांत जवळचं हॉस्पिटल हेलिकॉप्टरनं किती मिनिटांवर आहे. उत्तर नम्र होतं. प्रशिक्षण दिलेलं असतं, काळजी नसावी, आणि सहल ऐच्छिक आहे. ‘ऐच्छिक’ वाचून बाबा अधिकच अस्वस्थ झाले. सरकारी वसाहतीत वाढलेल्या माणसाला ऐच्छिक वर्गणीचा अर्थ माहीत असतो. चौकशी केली तर खरंच, बहुतेक सगळी मुलं जातात.

याच दिवसांत त्यांना आणखी एक धक्का बसला. पालकांसाठीच्या ऑनलाइन सभेत कळलं, की मूल कॉलेजात गेलं की मार्कांच्या नोंदींवरचा हक्क मुलाचा, त्याच्या संमतीशिवाय कॉलेज आईवडिलांना त्या सहसा दाखवत नाही. बाबांनी माइक बंद आहे असं समजून मराठीत विचारलं, ‘वर्षाचे नव्वद हजार डॉलर मी भरायचे आणि मार्क मला कळणार नाहीत, हे कुठल्या कायद्यात बसतं?’ बसतं. १९७४ च्या केंद्रीय कायद्यात बसतं. माइक चालू होता.

सामानाच्या यादीचा पहिला नियम: सुती काही आणू नका. सुती कपडा भिजला की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. डोंगरात लोकर किंवा सिंथेटिकच हवं. आईंनी डझनभर नवे बनियन भारतातून मागवले होते. ते गेले कपाटात. दुसरा नियम खाण्याचा. तिथे बेगल, चीज, हमस असं काहीबाही मिळणार होतं. आईंच्या हिशेबात यातलं एकही जेवण नव्हतं, म्हणून दशम्या, भडंग, गूळपापडीच्या वड्या आणि कारळ्याची चटणी बांधली गेली. तेव्हा मुलानं तिसरा नियम वाचून दाखवला. त्या जंगलात काळी अस्वलं आहेत, आणि ज्याला वास आहे ते सगळं रात्री तंबूपासून लांब, झाडाला उंच टांगायचं. खाणंच नाही, टूथपेस्टसुद्धा.

‘चटणी मी चार पिशव्यांत बांधलीय,’ आई म्हणाल्या.

‘आई, पिशव्यांतून मलाच वास येतोय. त्याला येणार नाही का?’

चटणी राहिली. भडंग गेला. लसूण घातलेला होता, पण हे मुलाला बसमध्ये कळलं.

यादीतली शेवटची वस्तू होती छोटं फावडं. बागेत वापरतात तसलं, नारिंगी प्लास्टिकचं. बाबांनी ते कशाला म्हणून विचारलं आणि मुलानं निर्विकारपणे सांगितलं. जंगलात संडास नाहीत. पाण्यापासून २०० फूट लांब जायचं, सहा ते आठ इंच खड्डा खणायचा, काम झालं की माती लोटून वाट धरायची. नेमका त्याच वेळी कऱ्हाडहून आजोबांचा व्हिडिओ कॉल चालू होता.

‘काय म्हणतोय तो?’ आजोबांनी विचारलं. बाबांनी आधी विषय बदलायचा प्रयत्न केला. आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त मुख्याध्यापक, विषय बदलू देणारे नव्हेत. सांगावं लागलं.

बराच वेळ पडद्यावर नुसतं कपाळ दिसत होतं.

‘म्हणजे मी तुला शिकवला, तू तिकडं गेलास, घरात तीन-तीन संडास बांधलेस, आणि आता नातवाला नव्वद हजार डॉलर भरून परसाकडं पाठवतोस?’

‘दादा, ते पर्यावरणाचं शिक्षण आहे. पाणी दूषित होऊ नये म्हणून.’

‘पाण्यापासनं लांब बसावं हे आम्हाला कुणी कॉलेजात शिकवलं नव्हतं. इथं गुड मॉर्निंग पथक फिरायचं पहाटे, बसलेल्याला उठवायला. त्यातला एखादा पाठवू का तिकडं?’

यावर बाबांनी नेटवर्क गेल्याचा अभिनय केला. चांगला करतात.

निघायचा दिवस उजाडला. पाच तासांचा रस्ता, त्यासाठी पहाटे चारला देवाला नारळ. कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, मग व्हरमाँट, आणि शेवटी नदीवरचा पूल ओलांडला की हॅनोव्हर गाव. पुलाला लेडयार्डचं नाव आहे. बाबांनी वाचलं, गाडीतल्या गाडीत शोधलं (गाडी तेव्हा आई चालवत होत्या) आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. जॉन लेडयार्ड हा १७७२ चा विद्यार्थी. वर्षभरात त्याला कॉलेज पुरे झालं. १७७३ मध्ये त्यानं एक झाड पाडलं, कोरून त्याची होडी केली आणि याच नदीतून निघून गेला. आज कॉलेजचा होड्यांचा क्लबही त्याच्याच नावानं आहे.

‘शिक्षण अर्धवट टाकलेल्या मुलाच्या नावानं पूल?’ बाबा म्हणाले.

‘पुढे तो कॅप्टन कुकबरोबर जगभर फिरला,’ मागून मुलगा म्हणाला.

‘डिग्री?’

मुलानं कानाला हेडफोन लावले.

हिरवळीवर जे दिसलं त्याची सोय एक्सेलमध्ये नव्हती. स्वागताला आलेल्या विद्यार्थ्यांचे केस जांभळे, पोपटी, एकाचे अर्धे अर्धे. अंगात झालरीचे घागरे, त्यात मुलगेही. कर्ण्यावर जुनं गाणं लावून सगळे ‘सॉल्टी डॉग रॅग’ नावाचा नाच करत होते आणि नव्या मुलांना हात धरून ओढत होते. बाबांनी जबाबदार व्यक्ती शोधायला नजर फिरवली. मुलाच्या गटाची प्रमुख म्हणून जी पुढे आली ती एकोणीस वर्षांची, गालावर रंगवलेलं झाड, कमरेला दुर्बीण. बाबांनी तिला औषधांची पिशवी दिली. पिशवीत क्रोसिन, ओआरएस, ओवा, आणि कुठल्या गोळीनं काय होतं याचा लॅमिनेट केलेला तक्ता. तिनं तक्ता मनापासून वाचला. मग ओव्याचा वास घेतला आणि म्हणाली, ही पिशवी झाडाला टांगावी लागेल.

मी बाबांवर हसतोय, पण मला त्यांची अडचण कळते. त्यांना स्वतःला कुणी पोचवलं नव्हतं. नव्वदच्या दशकात सहार विमानतळावर दोन टेंपो भरून नातेवाईक आले होते, बत्तीस-बत्तीस किलोच्या दोन बॅगा, एकीत प्रेशर कुकर. काचेच्या दाराशी सगळे थांबले आणि दारापलीकडचं त्यांचं त्यांनी पाहिलं. वडील एवढंच म्हणाले, ‘पोचल्याचं पत्र टाक.’ पत्र पोचायला तीन आठवडे लागले. तेवढे तीन आठवडे कऱ्हाडला कुणी पेपरात अमेरिकेची बातमी वाचू दिली नाही, हे बाबांना फार उशिरा, स्वतःच्या आईच्या तेराव्याला आलेल्या मामांकडून कळलं. तेव्हा आपण दारापाशी थांबायचं नाही, आत जायचं, पलंगावर चादर घालून यायचं, हे त्यांनी मनाशी ठरवलेलं. आणि इथे पलंगच नाही. चादर होती, ८० इंचांची, पण पलंगाची पाळी सहलीनंतर.

साडेअकराला कर्ण्यावरून घोषणा झाली: पालकांचे आभार, आता निघालात तरी चालेल.

निघाले सगळे. बाबा सोडून. त्यांनी नदीपलीकडच्या हॉटेलात पाच रात्रींची खोली घेतली होती, ‘काही लागलं तर’. आईंनी सुट्टी टाकली होती, भांडण टाकलं नव्हतं. त्यांनी तीन पुस्तकं आणली होती.

बाबांचा खरा भरवसा होता एअरटॅगवर. तो त्यांनी मुलाच्या बॅगेच्या अस्तरात शिवला होता, स्वतःच्या हातानं, उलटा टाका घालून. पहिल्या रात्री ठिपका कॉलेजच्या इमारतीवर होता. ‘अजून निघाले नसतील.’ दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच. दुपारी तिथेच. रात्री बाबा म्हणाले, ‘हललाच नाही गं तो. पाय मुरगळला असेल. नाहीतर होमसिक होऊन मागे राहिला असेल.’

तिसऱ्या दिवशी ते बाहेर पडले. ॲपलाचियन ट्रेल म्हणजे जॉर्जियापासून मेनपर्यंत सुमारे ३,५०० किलोमीटर जाणारी पायवाट. ती हॅनोव्हरच्या मुख्य रस्त्यावरूनच जाते, विजेच्या खांबांवर तिच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा आहेत. त्या पट्ट्या बघत, ऑफिसचे बूट घालून, हातात छत्री घेऊन बाबा गावाबाहेर झाडीत शिरले. चुकून भेटलाच तर. मुलगा तेव्हा माउंट मूसिलॉकच्या अंगाला होता, गाडीनं तासभर लांब. बाबांना भेटला एक दाढीवाला, जो मार्चपासून चालत होता आणि ज्याला भडंग फार आवडला.

संध्याकाळी ते कॉलेजला फोन लावायला निघाले तेव्हा आईंनी पुस्तकातून मान वर केली.

‘अहो, लावू नका. ती बॅग त्याने नेलीच नाही. कॉलेजची सॅक घेतली भाड्यानं. बॅग तिथं खोलीत कुलपात आहे.’

‘तुला कसं माहीत?’

‘त्यानंच सांगितलं. म्हणाला, बाबानं काहीतरी शिवलंय आत, टोचतंय. त्याला सांगू नकोस, त्याला बरं वाटतंय.’

बाबा बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. मग म्हणाले, ‘उलटा टाका घातला होता. टोचायला नको होतं.’

पाचव्या दिवशी मुलाचा फोन आला. आवाज बसलेला. मूसिलॉकच्या पायथ्याच्या लॉजमध्ये शेवटची रात्र काढली, सकाळी नाश्त्याला हिरवी अंडी दिली. बाबांनी ताबडतोब खराब अंड्यांची लक्षणं सांगितली. मुलानं सांगितलं, की खायचा रंग घालतात, डॉक्टर सूस इथे शिकला होता, १९२५ च्या वर्गात, त्याच्या पुस्तकावरून ती प्रथा. मग बराच वेळ तो चार-पाच नावं घेत होता, जी बाबांनी कधी ऐकली नव्हती: कोण अलास्काची, कोण ब्रॉन्क्सचा, कुणाला तंबूत घोरायची सवय. भिजलो, रस्ता चुकलो, एका गटानं आम्हाला चहा दिला. दर वाक्याला हसत होता. मध्येच म्हणाला, ‘बाबा, तुझ्या राजमाचीसारखं झालं अगदी.’

‘राजमाचीला पाऊस जास्त होता,’ बाबा म्हणाले.

पुढच्या वर्षी मंडळाच्या गणपतीत, महाप्रसादाच्या रांगेत मी त्यांच्या मागे होतो. पुढे एक नवे बाबा. मुलगी प्रिन्स्टनला निघालेली, तिथेही जंगलातली सहल, चेहरा उतरलेला. आमच्या बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

‘काही चिंता करू नका. मुलं हुशार असतात. आपण सोडायचं आणि सरळ घरी यायचं. आम्ही तर त्याला उतरवलं आणि गाडी वळवली, मागं वळून बघितलं नाही. सुती कपडे तेवढे देऊ नका. फावडं त्यांचं घेऊ नका, आपलं न्या. आणि पलंग ८० इंच असतो बरं का.’

नवे बाबा खिशातून फोन काढून लिहून घेऊ लागले. आई वरणभाताचं ताट सांभाळत त्यांच्याकडे वळल्या.

‘एअरटॅग हवा असला तर सांगा हं,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्याकडे एक आहे. फार फिरलेला नाही.’