एका दगडात दोन पेरू

माचू पिच्चूचे अवशेष आणि अ‍ॅमेझॉनचे जंगल एका आठवड्यात 'उरकून' देणाऱ्या सहलींचा हिशेब सोपा असतो: अवशेषांच्या वाटेवरचे कुस्को ३४०० मीटरवर, जंगलाच्या वेशीवरचे पुएर्तो माल्दोनादो जेमतेम २०० वर, मध्ये विमानाचा तासभर. पण युनेस्कोने १९८३ साली माचू पिच्चूला वारसा ठरवले ते संस्कृती आणि निसर्ग अशा दोन्हींसाठी. चष्मेवाले अस्वल तिथल्याच ढगाळ रानात राहते. पर्यटक मात्र भिंतींपुढे फोटो काढतो आणि 'प्राणी बघायला' विमानतळ गाठतो. मकाव पोपट नि महाकाय पाणमांजरे डोंगरावर कुठली, हा आक्षेप रास्तच; त्यांच्यासाठी खाली उतरावेच लागते. फक्त तिथल्या जंगलात तांबोपाताच्या मातीच्या कड्यावर मकाव जमतात ते सकाळी, तेही पाऊस नसला तर. परतीच्या विमानाची वेळ त्यांना कोणी कळवलेली नसते.