कुरवांचे क्यूसी

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत दर दोन-तीन कारखान्यांमागे एक पक्षीवाला निघतो, आणि तो बहुधा क्वालिटीत असतो. आठवडाभर टॉवेलच्या काठातला निसटलेला धागा शोधून त्याची नजर इतकी तयार होते, की रविवारी तिला सुट्टी देता येत नाही.

शनिवारी रात्री अकराला सेकंड शिफ्ट सुटते. बाकीचे घरी जाऊन कडक भाकरी नि शेंगाची चटणी खातात. हा मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर करत भिगवणला पोचतो. उजनीच्या फुगवट्यावर उजाडायच्या आत होडी धरतो. अंगात मिलिटरी रंगाचे कपडे. चहूकडे नुसतं पाणी, त्यात झुडपासारखा उठून दिसणारा हा एकटाच.

पुण्याची मंडळी तिथे फ्लेमिंगो बघायला येतात. त्याविषयी त्याला विचारू नये.

"फ्लेमिंगो काय बोलालास बे! बालवाडीतलं पोरगं पण ओळखतंय. कुरव ओळखून दाखव."

त्याचं म्हणणं खरंच आहे. तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव हे दोघे हिवाळ्यात आपल्याकडे येतात ते डोकी पांढरी करून. डोळ्यामागे काजळाचा डाग तेवढा उरतो. मग याची तपासणी सुरू होते. डोळा फिका, पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके : तपकिरी. डोळा काळा, पंखाच्या पुढच्या कडेला पांढरी पट्टी : काळा. शेपटीला काळी किनार आणि पंखावर मातकट डाग म्हणजे अजून वयात न आलेलं पिल्लू. ते हा 'रीवर्क'मध्ये टाकतो. नावाडी हे सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, "दोन्ही मासंच खात्यात की, सायेब."

वाद वाढला तर तो मारुती चितमपल्लींचं नाव काढतो. चितमपल्ली सोलापूरचे, 'पक्षिकोश' त्यांचा, म्हणून पक्ष्यांच्या बाबतीत सोलापूरकराचा शब्द शेवटचा, असा त्याचा हिशोब. पुणेकर यावर गप्प बसतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

लेन्स सहाशे एमएमची, पतसंस्थेच्या कर्जातून घेतलेली. गडद पाण्यावर पांढरा पक्षी म्हणजे उजेडाचं गणित अवघड. पिसं जळून नुसता चुना दिसतो. म्हणून तो एक्स्पोजर उतरवतो, शटर दोन-अडीच हजारावर नेतो, श्वास रोखतो. तेवढ्यात नावाडी जाळ्यातली बारकी चिलापी हवेत उडवतो आणि सगळा थवा होडीवर येऊन आदळतो. इतका जवळ, की सहाशेची लेन्स फोकसच धरत नाही. तिला निदान अडीच मीटर लांबचं गिऱ्हाईक लागतं. तो मागे सरकतो, होडी कलते, नावाडी ओरडतो. या गोंधळात सोबत आलेला मेव्हणा मोबाईल वर करतो आणि चोचीत मासा धरलेला, डोळ्यात चमक असलेला कुरव टिपतो. कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा डीपी गेले कित्येक महिने तोच आहे. फोटो कुणाचा, यावर कँटीनमध्ये मौन पाळलं जातं.

पण खरं दुखणं वेगळंच. मार्चच्या सुमारास या पाहुण्यांची डोकी रंगू लागतात. नेमका तेव्हा एमआयडीसीत मार्च एंड. डिस्पॅच, ऑडिट, रजा बंद. इतक्या वर्षांत पूर्ण तपकिरी डोक्याचा एकही कुरव त्याच्या कॅमेऱ्यात नाही.

यंदा त्याने रजेचा अर्ज केला. एचआरवाले म्हणाले, "एप्रिल अखेरीला जा की."

"तोवर ते लडाखला निघालेले असतात, सर. अंडी तिकडंच घालतात."

"मग लडाखला जा. जूनमध्ये शटडाऊन आहे."

त्या संध्याकाळी त्याने घरी लडाखची सहल जाहीर केली. बायकोने चार स्वेटर घेतले, मुलांनी पँगाँगचे व्हिडिओ पाहिले, सासूबाईंनी चकल्यांची तयारी सुरू केली. त्सो मोरिरीच्या काठावर, साडेचार हजार मीटर उंचीवर, थंडीत तासन् तास पालथं पडून राहायचं आहे, हे त्याने अजून कुणाला सांगितलेलं नाही. मेव्हण्याला मात्र मोबाईल घरी ठेवून यायची अट घातली आहे.